अजिंक्यत्वाचा नवा पुरावा

सिंधुदुर्ग हा जलदुर्ग, म्हणजे चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला किल्ला, परक्याला आत शिरता येऊ नये म्हणून बांधला गेला, हे सर्वमान्य आहे. तो हेतू आजही तंतोतंत साध्य होत आहे, याकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन कुरटे बेटावरील बांधकामाला आरंभ झाला, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत ते पुरे झाले, आणि पायात शिसे ओतून उभारलेल्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या तटाने ४८ एकरांचे बेट असे कवेत घेतले की महादरवाजा बुरुजांच्या वळणाआड दडून राहिला. शत्रूला तो दुरून दिसत नसे. पर्यटकाला होडीवाला थेट त्याच्यापुढेच उतरवतो. तथापि तेथे पोचताच दरवाजाकडे पाठ करून मोबाइल स्वतःच्या मुखाकडे धरण्याची रूढी असल्यामुळे तो दिसण्याचा धोका जवळूनही टळतो.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. भोवती खारा समुद्र आणि शत्रूचा वेढा असला तरी शिबंदीला, म्हणजे किल्ल्यावरील सैन्याला, तहानेपायी शरण जावे लागू नये, ही त्यामागील दूरदृष्टी. पर्यटक किनाऱ्यावरून बाटलीबंद पाणी घेऊन येतो आणि रिकामी बाटली विहिरीच्या आसपास ठेवून जातो, त्यामुळे शिबंदी जाऊन काळ लोटला तरी वेढा अद्याप उठलेला नाही, असे म्हणावे लागते.

आरमाराच्या अभ्यासातही मोलाची भर पडली आहे. मराठ्यांकडे गुराब हे तोफा वाहणारे मोठे जहाज आणि गलबत हे त्याहून लहान व चपळ जहाज असे. तारकर्लीच्या किनाऱ्यावर त्यांत ‘बनाना’ या तिसऱ्या प्रकाराची नोंद करावी लागेल. या हवा भरलेल्या, केळ्याच्या आकाराच्या नौकेला शीड नाही, सुकाणू नाही, आणि स्वतःच्याच खलाशांना पाण्यात पाडणे हेच तिचे एकमेव युद्धकौशल्य आहे.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले त्यांत हा किल्लाही आला. जागतिक वारसा म्हणजे अखिल मानवजातीची ठेव. परतीची होडी तासाभरात सुटत असल्याने मानवजातीने ती तेवढ्या वेळात आटोपावी, अशी व्यवस्था आहे. पर्यटक खाजा, काजू आणि दीडशे छायाचित्रे घेऊन परततो, आणि त्या सर्व छायाचित्रांत तो स्वतः असतो. असा माणूस शत्रूच्या हेरांच्या हाती लागला असता, तरी त्याच्या तोंडून किल्ल्याचे एकही गुपित फुटले नसते. इतकी भक्कम तटबंदी हिरोजींनाही सुचली नव्हती.