माझ्या वेगाचं गाव

धावणाऱ्या माणसाला कुणी "घोडा पाहिजे का?" असं विचारत असेल, तर ते गाव माथेरानच. पहाटे सहाला बाजाराच्या टोकाशी मी बुटांचे बंद आवळत होतो, तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न आला. पिसारनाथाच्या वळणावर दुसऱ्यांदा आला आणि शार्लोट लेकच्या बांधाशी पोचेपर्यंत मी मोजणं सोडून दिलं. विचारणाऱ्याचा काही दोष नाही. साठीकडे झुकलेला एक गृहस्थ तांबडालाल होऊन, तोंडाचा आ वासून, दोन्ही हातांनी हवा कवटाळत समोरून येताना दिसला, तर कुठल्याही सहृदय माणसाच्या मनात आधी वाहनाचाच विचार येणार. "नको, मी धावतोय," मी म्हटलं. घोडेवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. "हो का?" तो म्हणाला. त्या दोन अक्षरांत एवढं निर्मळ आश्चर्य होतं की पुढची पन्नास पावलं मीही त्या प्रश्नाचाच विचार करत होतो.

व्यायाम म्हणून धावायला लागून मला सहा-सात वर्षं झाली. शहरात मी सर्वांत शेवटी येणाऱ्यांपैकी आहे. आमच्या गटातली तरुण मुलं परतीच्या वाटेवर मला भेटतात आणि "काका, मस्त!" असं म्हणून जातात. हे 'मस्त' नापास झालेल्या मुलाच्या पाठीवर मास्तरांनी ठेवलेल्या हातासारखं असतं. भाच्यानं मनगटावर एक घड्याळ बांधून दिलंय. ते दर किलोमीटरला थरथरतं आणि मी मागच्या महिन्यापेक्षा किती मंदावलो ते सांगतं. मी फार काळ थांबलो की ते आपणहून मोजणी थांबवतं, जणू शरमेनं मान खाली घालतं. माथेरानच्या दाट झाडीत मात्र त्याचं आभाळाशी असलेलं नातंच तुटतं. परवा घरी येऊन नकाशा उघडला, तर माझी वाट रस्ता सोडून दरीत उतरली होती, हवेतून दोन गिरक्या घेऊन पुन्हा झाडीत शिरली होती. नातवानं खडूनं काढलेला हत्ती असावा तशी ती रेघ दिसत होती. त्या हत्तीच्या सोंडेशी मी एक किलोमीटर साडेतीन मिनिटांत पळालो, अशीही नोंद आहे. मी ती पुसलेली नाही.

माथेरानचं नाव 'माथ्यावरचं रान' यावरून आलं असं सांगतात, आणि रान खरोखरच माथ्यावर पसरलेलं आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचा हा सपाट माथा, आणि त्याच्या कडेकडेनं तीसहून अधिक पॉइंट. म्हणजे धावणाऱ्यासाठी वाटच वाट: इको, लुईझा, पॉर्क्युपाइन, पार दक्षिणेला वन ट्री हिल, उत्तरेला पॅनोरमा. बहुतेक वाटा जांभ्याच्या तांबड्या मातीच्या. पायाखाली ही माती डांबरासारखी टणटणत नाही, जुन्या गादीसारखी किंचित दबते आणि पाऊल परत देते. फक्त बुटांचा रंग मात्र ती परत देत नाही. पांढरे बूट घालून मी एकदाच आलो. तेव्हापासून ते गेरूनं सारवलेल्या ओसरीसारखे दिसतात, आणि घरात कुणी माझ्यावर रागावलं की आधी त्या बुटांवर रागावतं.

वर अंजनीची, जांभळीची, हिरड्याची छत्री. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजनी फुलते तेव्हा निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके थेट फांदीच्या सालीला बिलगून बसतात. एखाद्या गंभीर गृहस्थानं आंघोळ करून कानामागे अत्तराचा फाया ठेवावा, तसं ते झाड दिसतं. अशा झाडाखालून धावत जाणं मला तरी जमत नाही. मी थांबतो. घड्याळ मान खाली घालतं.

पण मी इथे परतपरत येतो त्याचं खरं कारण झाडं नव्हेत. हे गावच माझ्या वेगाचं आहे. मोटारी खाली दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे अ‍ॅम्ब्युलन्स वगळता मोटारीला मज्जाव. आता काही ई-रिक्षा आल्यात आणि मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकही बसलेत, पण त्या सोडल्या तर जगाला घाई झालीय याची खबर इथे उशिरा पोचते. आणि गाडी! नेरळहून वर येणारी ती दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०४ साली काम काढलं, १९०७ साली गाडी सुरू झाली, सोळा लाख रुपये खर्च आला. वाटेत एकच बोगदा, आणि तोही इतका छोटा की त्याचं नाव 'वन किस टनेल'. अंधारात जेमतेम एका चुंबनापुरता वेळ मिळतो, असा त्याचा हिशेब. कुणी मोजून पाहिला असेल, देव जाणे. रेल्वेच्या इतिहासात अंतराचं इतकं माणसाळलेलं माप दुसरं नसावं.

तर या गाडीचा मार्ग आहे सुमारे एकवीस किलोमीटरचा. म्हणजे जवळजवळ बरोब्बर हाफ मॅरेथॉन. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत, नागमोडी वळणं घेत ती दोन-अडीच तासांत वर पोचते. सपाट रस्त्यावर एकवीस किलोमीटर धावायला मला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. हा हिशेब पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो. आयुष्यभर सगळ्यांच्या मागे राहिलेल्या माणसाला अचानक कळावं, की भारतीय रेल्वे आपल्या बरोबरीनं धावते!

या गाडीच्या बरोबरीनं धावणारा आमच्या घरातला मी पहिला नव्हे. मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा माथेरानला आलो. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. घाई हा त्यांच्या मते संस्काराचा अभाव होता. लोकलसुद्धा त्यांनी कधी पळत पकडली नाही, पुढची येतेच म्हणायचे. तर त्या दिवशी गाडी एका लांबलचक वळणावर धापा टाकत होती, आणि खाली करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडल्या होत्या. बाबा उठले, टेरिलिनच्या पँटला हलकासा झटका दिला आणि उतरले. चालत्या गाडीतून! आई किंचाळली. गाडी वळणाचा मोठा फेरा घालायला निघाली आणि बाबा जाळ्यांमधून आडव्या पाऊलवाटेनं पळत सुटले. पळताना त्यांचे हात कसे हलतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कोपर अंगाला घट्ट, पंजे मोकळे, जणू दोन फायली काखेत धरून साहेबांच्या केबिनकडे निघालेत. गाडी वळसा घालून आली तेव्हा ते पुढच्या रुळांशेजारी, बसची वाट बघावी तसे उभे होते. चढले, बसले, आणि रुमाल आईच्या मांडीवर उलगडला. आत चिकानं माखलेली मूठभर करवंदं. "आणि गाडी चुकली असती म्हणजे?" आई म्हणाली. बाबा म्हणाले, "ही? ही चुकत नाही."

आई त्या दिवशी पॅनोरमा पॉइंटपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. करवंदं मात्र तिनं खाल्ली.

हे सगळं आठवत मी लुईझावरून परतलो. समोर प्रबळगडाच्या कड्यावर ऊन हळूहळू उतरत होतं. एक घोडा दुडक्या चालीनं माझ्या बरोबरीनं आला, काही पावलं माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघत चालला आणि मग, मला वाटतं निव्वळ सभ्यतेपोटी, मागे राहिला. वाटेत डोक्यावर दोन सूटकेसा आणि खांद्याला एक पिशवी घेतलेला हमाल भेटला. तो चालत होता, मी धावत होतो, आणि बराच वेळ आमच्यातलं अंतर बदलेना. त्याचा घाम कामाचा, माझा हौसेचा. शेवटी मीच बुटाचा बंद सुटल्याचं निमित्त करून खाली वाकलो.

अमन लॉजपासून माथेरान स्टेशनापर्यंत वाट रुळांच्या शेजारून जाते. अमन लॉजवरून मी परत फिरलो आणि मागून शटल आली. खिडकीतून एक पोरगं ओरडलं, "पप्पा, बघा, काका गाडीशी शर्यत लावतायत!" डबाभर लोक वळून बघायला लागले. आता थांबणं शक्य नव्हतं. माझे कोपर आपोआप अंगाला चिकटले, पंजे मोकळे झाले. एका झाडापर्यंत मी इंजिनाच्या जोडीनं होतो, दुसऱ्या झाडाशी शेवटच्या डब्याच्या. मग डबा वळला आणि त्या पोराचा हलणारा हात तेवढा पानांच्या फटीतून दिसत राहिला. स्टेशनावर पोचलो तेव्हा उतारू पांगले होते आणि गाडी रिकामी, निवांत उभी होती. बाहेर एक ठाकरीण टोपलीत करवंदं घेऊन बसली होती. तिनं पानाचा द्रोण पुढे केला. मी खिशातला रुमाल पसरला.

संध्याकाळी घरी आईच्या हातावर तो रुमाल ठेवला. ती आता पंच्याऐंशीची आहे. तिनं एक करवंद तोंडात टाकलं, बोटांचा चीक पदराला पुसला आणि रुमालावरच्या जांभळ्या डागाकडे बघत राहिली.

"ह्यांनी गाडी गाठली होती," ती म्हणाली. "तुला जमलं का?"

"गाठली," मी म्हटलं. ते शेवटचं स्टेशन होतं, हे काही सांगितलं नाही.