मायक्रॉनकाका

रात्री आठच्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी बॅटरी घेऊन गाडीवर वाकलेलं दिसलं की नवा वॉचमन शिट्टी फुंकतो. जुने फुंकत नाहीत. हे चोर नव्हेत, बी विंगचे काका आहेत आणि गाडी त्यांचीच आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

काकांची नोकरी बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. दुसऱ्याच्या वहीतली चूक काढायची, तिच्याखाली लाल रेघ मारायची आणि समाधानाने चहा प्यायचा, असं अख्खं आयुष्य. निवृत्तीनंतर वह्या संपल्या आणि काकांनी काळी गाडी घेतली. पांढरी घ्या, धूळ दिसत नाही, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण पांढऱ्यावर ओरखडे दिसत नाहीत, हाच काकांचा पांढऱ्या रंगावरचा आक्षेप.

लोकांना वाटतं, काकांना गाडी चकचकीत हवी असते. मला तसं वाटत नाही. त्यांना ओरखडा हवा असतो. चकाकी हा फक्त तो काढल्याचा पुरावा. गाडी निर्दोष निघाली तर त्या संध्याकाळी काका हिरमुसतात आणि जेवताना आमटीत दोष काढतात. म्हणून बॅटरीही साधी चालत नाही. प्रकाश सूर्यासारखा पडला पाहिजे, त्याशिवाय जाळं दिसत नाही. काळ्या गाडीवर दिव्याभोवती गोल गोल रेषा दिसतात, ते हे जाळं. "ओरखडे गोल नसतात बरं का," काका सांगतात. "सरळच असतात, सगळीकडे गेलेले. त्यातले उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला गोल दिसतात."

एवढ्यावर थांबले असते तर कुणाची तक्रार नव्हती. पण काका दुसऱ्याच्या गाडीवरही बॅटरी मारतात. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांनी पाडव्याला नवी गाडी आणली. पेढे वाटले, सगळे खूष. काकांनी पेढा तोंडात टाकला, बॅटरी काढली आणि म्हणाले, "डीलरने कोरड्या फडक्याने पुसून दिलेली दिसते." त्या दिवसापासून जोशांना गाडीत गाणी लावायची इच्छा होत नाही. आता तेही आठच्या सुमाराला खाली येतात.

पहाटे गाड्या पुसायला येणारा पोऱ्या एका बादलीत आणि एका फडक्यात सगळी बी विंग उरकतो. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर घासली जाते. काका त्याला इतरांइतकाच महिना देतात, त्यांच्या गाडीला हात न लावण्याचा. स्वतः धुतात ते दोन बादल्यांनी: एकीत शाम्पू, दुसरीत मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, खळबळायला साधं पाणी, आणि तळाशी जाळी, म्हणजे बसलेली रेती परत वर येऊ नये. मायक्रोफायबरच्या फडक्यांचे नियम तर काकांच्या आजीच्या सोवळ्याइतके कडक. सुती कपड्यांबरोबर धुवायची नाहीत, फॅब्रिक सॉफ्टनर लागू द्यायचा नाही, कडेचं लेबल आधीच कापून टाकायचं. हातातून निसटून जमिनीला टेकलं की ते ओवळं. त्याची बदली चाकांवर, आणि चाकांवरून पुन्हा बढती नाही. काकूंनी एकदा त्यातल्याच एका फडक्याने ओटा पुसला. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

मशीनचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. चौथ्या मजल्यावरच्या आयटीतल्या मुलाने लिफ्टमध्ये सहज विचारलं, "काका, पॉलिशिंग मशीन कुठलं घेऊ?" लिफ्ट चौथ्यावर थांबली, पण काकांनी दार बंद होऊ दिलं नाही.

"रोटरी एकाच आसावर गरगर फिरते. माल झपाट्याने कापते. पण एका जागी रेंगाळलास तर रंग तापतो, आणि कडेला, जिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे थेट प्रायमर दिसायला लागतो. वर उन्हात गाडी काढलीस की होलोग्रामचे पट्टे. ड्युअल ॲक्शन स्वतःभोवती फिरते आणि फिरता फिरता घोळतेही. फार दाबलीस तर पॅड फिरायचंच थांबतं, नुसतं थरथरतं."

"म्हणजे वाईट ना?"

"नवशिक्याला उत्तम! निम्म्या चुका मशीन करूच देत नाही. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारायची. रेघ स्पष्ट दिसायला लागली की समजायचं, पॅड अडलं. आता थ्रो, म्हणजे पॅड किती घोळतं ते. २१ मिलिमीटरची बॉनेटवर राणी, पण दाराच्या घडीवर अडते. ८ ची कुठेही शिरते, पण वेळ खाते. १५ ची मधली."

"मग १५ ची घेतो."

"एवढ्यात?" काकांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतः या निर्णयाला दीड वर्ष दिलं होतं. त्या काळात मशीन नव्हतं, पण पॅड आणून ठेवले होते: लोकरीचे, मायक्रोफायबरचे, फोमचे. फोमच्या रंगांची वेगळीच गंमत. एका कंपनीचा पिवळा मऊ, तर दुसरीचा पिवळा सालपटं काढणारा. काकांनी त्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला होता, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. शेवटी ते १५, २१ आणि ८ अशी तिन्ही मशीन घेऊन आले. आरशाच्या खाचेसाठी तीन इंची चौथं आलं, ते काकूंना अजून माहीत नाही.

काम करताना काकांना पाहावं. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन टेपने आखलेला. पॅडवर कंपाउंडचे चार ठिपके. मशीन सुरू करायच्या आधीच माल पसरून घेतलेला, नाहीतर भिंतीवर उडतो. मग सेकंदाला इंचभर अशा संथ चालीने आधी आडवं, नंतर उभं. पुसून झालं की आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा फवारा, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसतं आणि ओरखडा गेला असं खोटंच वाटतं. गॅरेजमधलं रबिंग-पॉलिश चार धुण्यांत उतरतं ते यामुळेच, असं काकांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. एकदा बॉनेटच्या मधोमध टेप लावून त्यांनी फक्त डावी बाजू केली आणि फरक लोकांना दिसावा म्हणून उजवी तशीच ठेवली. पाहुणे येत, बघत, मान डोलावत. काकूंनी मात्र टेप निघेपर्यंत गाडीत बसायचं नाकारलं.

एक कोपऱ्यावरचा गॅरेजवाला "बफिंग मारून आरसा करून देतो साहेब" म्हणत दारात आला होता. पिशवीतून त्याने अँगल ग्राइंडर काढला, त्यावर पॅड चढवलेला. पॉलिशिंगच्या रोटरीचे फेरे मिनिटाला फार तर तीन हजार, ग्राइंडरचे अकरा हजारांच्या आसपास. काकांनी त्याला चहा पाजला, पण त्याची पिशवी गाडीपासून लांब, जिन्याखाली ठेवायला लावली.

या सगळ्या प्रेमाचा हिशेब मात्र वजाबाकीचा आहे. कारखान्यातून येणारा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. केसाची जाडी ७०च्या घरात. वरचा पारदर्शक थर तर केसाहूनही पातळ, चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. कंपाउंडचा एक जोरदार हात त्यातले दोन-चार घेऊन जातो. म्हणजे ज्या गाडीकडे मालक ढुंकूनही पाहत नाही, तिचा रंग काकांच्या गाडीपेक्षा जाड. हे काकांना कळत नाही असं नाही. त्यांनी जाडी मोजायचं यंत्र घेतलंय आणि प्रत्येक पॅनेलची नोंद जुन्या लेजरात आहे, तारखेसह. शिल्लक कमी होत चालली की काका गंभीर होतात आणि पुढची संध्याकाळ फक्त मेणावर काढतात.

दसऱ्याला त्यांची खरी परीक्षा. झेंडूचा हार बॉनेटवर वाऱ्याने घासतो, म्हणून तो फोटोपुरता. नारळ दहा फूट लांब. कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवरच हवं हा काकूंचा हट्ट, म्हणून काकांनी पीपीएफचा, म्हणजे रंग जपणाऱ्या फिल्मचा, उरलेला पारदर्शक तुकडा तिथे चिकटवला आणि स्वस्तिक त्यावर काढवून घेतलं. पूजा झाल्यावर स्वस्तिक सोलून देवघरात ठेवलं.

गेल्या महिन्यात काकांच्या मुलीला बघायला नाशिकहून मंडळी आली. पोहे झाले, पगाराचं झालं, आणि चहाच्या वेळी काका जागेवर नव्हते. सगळ्यांना कळलं होतं कुठे असतील, फक्त पाहुण्यांना नव्हतं. खाली गेलो तर काका पाहुण्यांच्या गाडीला जागोजागी यंत्र टेकवत होते.

"पुढचं दार ११८," काका उत्साहाने म्हणाले, "आणि मागचं २९०. रंगवलंय हे!"

"शक्य नाही," मुलाचे वडील म्हणाले. "आमची गाडी कुठेही लागलेली नाही."

मुलगा बुटांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "बाबा, कसारा घाटात. तुम्ही काशीला गेला होतात तेव्हा." वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. काकांना त्याचं काही नव्हतं. रंगाची छटा इतकी हुबेहूब कुणी जुळवली, गॅरेज कुठलं, हे विचारून घेत त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात टाकला. मुलगीही हसली, आणि ती आत्तापर्यंत आलेल्या कुठल्याच स्थळाला हसली नव्हती.

मंडळी गेल्यावर काकू म्हणाल्या, "एवढं कळतं त्या यंत्राला, तर माणसांना लावून बघायचं एकदा."

काकांनी क्षणभर खरोखर विचार केला. "नाही चालणार गं," ते म्हणाले. "खाली धातू लागतो. बंपरसुद्धा नाही मोजता येत, प्लास्टिकचा असतो ना."