रा. रा. अंदाजपंचे दाहोदरसे यांस अनावृत पत्र

रा. रा. अंदाजपंचे दाहोदरसे,
मुख्य अभियंता, समस्त घरगुती मोटारी,
मुक्काम : जिथे ऐन वेळी टेप सापडत नाही तिथे.

सा. न. वि. वि.

पत्र उघड्यावर लिहितो आहे, कारण आपला पत्ता एक नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या शेडमध्ये आपला वावर असतो, तसाच माझ्या पार्किंगमध्येही. गेली दोन वर्षं माझ्या घरी बांधलेल्या गाडीचं सस्पेन्शन आपण विनावेतन सांभाळलंत. जाहीर आभार मानायचे राहून गेले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन मारुती आठशे भंगारात घेतल्या. एकीचं इंजिन, गिअरबॉक्स, स्ट्रट आणि नकल असा सगळा पुढचा संसार उचलला आणि माझ्या सीटच्या मागं मांडला. म्हणजे तिची पुढची चाकं ती माझी मागची. पुढच्या चाकांना घरी वेल्ड केलेले डबल विशबोन, मध्ये चौकोनी पाइपचा सांगाडा, बसायला दोन माणसं. हे खूळ माझं एकट्याचं नाही. कॉलिन चॅपमननं 1948 साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली लोटस बांधली. रॉन चॅम्पियन नावाच्या इंग्रजानं 1996 मध्ये अवघ्या 250 पौंडांत स्पोर्ट्‌स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं आणि कित्येक संसारांत तेल ओतलं. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सनंही लोटस सेव्हनच्या वळणाची गाडी काढली. फरक इतकाच, की या मंडळींनी आपल्याला कामावर ठेवलं नव्हतं.

आपली पहिली कामगिरी स्प्रिंगची. आपण म्हणालात, "गाडी हलकी आहे, स्प्रिंगही हलकीच बघ." भंगार बाजारात एक स्प्रिंग हातानं दाबून पाहिलीत, मान डोलावलीत, आणि मी पैसे मोजले. हातानं दाबून आंबा निवडतात हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

नंतर मी गणिताला बसलो. माझ्या गाडीच्या पुढच्या एकेका चाकावर चाक-ब्रेक सोडून 110 किलो भार येतो. गाडीनं सेकंदाला साधारण दीड वेळा हेलकावावं, म्हणजे पाठीलाही बरं आणि वळणावरही बरं, एवढी माझी माफक इच्छा. त्या हेलकाव्याला स्वतःच्या वजनानं बसण्याचं ठरलेलं माप आहे, सुमारे 110 मिलिमीटर. 110 किलोला 110 मिलिमीटर, म्हणजे चाकापाशी दर मिलिमीटरला एक किलो. इतका सरळ हिशोब आयुष्यात एकदाच मिळतो. पण माझी स्प्रिंग चाकापाशी नाही, खालच्या विशबोनच्या मध्यावर आहे. चाक 10 मिलिमीटर उचललं की ती 6 मिलिमीटरच दबते. इथं आपण लगेच पुढं सरसावलात: "एकाला 0.6 नं भाग, आलं 1.67. तीच स्प्रिंग, मी आणलेली!"

पंत, इथंच कात्री दोनदा लागते. स्प्रिंग कमी दबते म्हणून तिचा जोर कमी, आणि तो उरलेला जोरही तरफेतून चाकाकडे जाताना पुन्हा सहा-दशांश होतो. म्हणून भागायचं 0.36 नं. उत्तर पावणेतीन किलोच्या आसपास. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून 50 किलोची दोन सिमेंटची पोती उसनी आणून स्प्रिंगवर ठेवली. हवी ती स्प्रिंग 36 मिलिमीटर दबली असती. आपली 60 दबली. मग गाडी मांडीवर बसलेल्या मुलासारखी जमिनीला टेकली त्यात नवल कसलं? आपण त्यावर सुचवलंत की स्प्रिंगखाली दोन वॉशर घालू. वॉशरनं उंची वाढते, पंत. ताठपणा वाढत नाही.

पण हा तर लग्नातला नारळ. खरा आहेर आपण मागच्या चाकांना केलात.

आठशेची पुढची चाकं मागं गेली, तरी त्यांचे स्टिअरिंगचे कान जागच्या जागी राहिले. मागं स्टिअरिंग नको, म्हणून कानाला टाय रॉड जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक सांगाड्याला पक्कं करायचं. कुठं? आपण उत्तरलात, "जागा असेल तिथं." जागा इंजिनाच्या ब्रॅकेटच्या वर होती. तिथं टॅक मारला, मग पूर्ण वेल्ड केला. वेल्ड देखणा झाला होता, हे मी आजही कबूल करतो.

उसाचं रान मोकळं झालं होतं. मेव्हण्याच्या शेतातून गुऱ्हाळाकडे जाणाऱ्या वाटेवर पहिली चाचणी. वेग तीसच्या आत. उजवीकडं वळलो, डावं मागचं चाक ट्रॅक्टरच्या चाकोरीच्या काठावर चढलं, आणि गाडीनं माझा सल्ला न घेता स्वतःच्या शेपटीचा पाठलाग सुरू केला. थांबलो तेव्हा तोंड गुऱ्हाळाकडे होतं. मेव्हणे म्हणाले, "दाजी, गाडीला गूळ आवडतो वाटतं."

कारण कळायला एक शनिवार गेला. हबला फळी बांधली, फळीवर पोरांचा लेझर पॉइंटर, समोर 3 मीटरवर भिंत. एवढ्या अंतरावर चाक 1 अंश वळलं तर ठिपका साधारण 52 मिलिमीटर सरकतो. स्ट्रटमधली स्प्रिंग काढून टाकली आणि जॅकनं चाक 50 मिलिमीटर उचललं. ठिपका वर जाणारच. पण तो वर जाता जाता 70 मिलिमीटर बाहेरही गेला. सव्वा अंशाहून जास्त. स्टिअरिंगला हात न लावता चाक बाहेरच्या बाजूला वळत होतं, आणि तेही मागचं, आणि नेमकं वळणाच्या बाहेरच्या बाजूचं, ज्याच्यावर सगळा भार येतो. मुळात खालचा आर्म एका वर्तुळाच्या तुकड्यावर फिरतो आणि टाय रॉड दुसऱ्या. दोन्ही तुकडे जुळले नाहीत तर उरलेला फरक चाक भरून काढतं. दोन सुनांच्या मधल्या सासूसारखं.

भोक किती चुकलं होतं? 17 मिलिमीटर वर. वेल्ड कापला, नवीन कान केला, पुन्हा लेझर लावला. आता ठिपका 5 मिलिमीटरच्या आत राहतो. तो जुना, देखणा वेल्ड माझ्या टेबलावर पेपरवेट आहे. त्याच्यावर आपलं नाव कोरून घेणार आहे.

बाकीचे आपले सल्ले भराभर नोंदवतो. विशबोनला नळाचा जीआय पाइप. त्यावर वेल्ड मारताच जस्ताचा पांढरा धूर उठला आणि उद्यमनगरातल्या माझ्या मिस्त्रींनी मला शेडबाहेर काढलं; शेवटी सीमलेस पाइप आणला. बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला, डोकं कोरं. मिस्त्री म्हणाले, "डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट मी दाराच्या कडीला लावतो." चाकाला 8.8 लिहिलेला लावला. पहिला आठ म्हणजे 800 मेगापास्कलला तुटेल, आणि त्याच्या आठ-दशांशापर्यंत, म्हणजे 640 पर्यंत, कायमचा वाकणार नाही. जिग न करता फरशीवर वेल्ड केलेले दोन विशबोन, दोन्ही डावे. हे मात्र पूर्णपणे आपलंच श्रेय.

आपण आता देवराष्ट्र्याचा दाखला द्याल, मला माहीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावच्या गृहस्थांनी भंगारातून किकनं सुरू होणारी छोटी जीप केली, 2021 च्या डिसेंबरात ती देशभर गाजली, आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. "बघ, कुठं कॉलेज, कुठं गणित! माझाच चेला." पंत, ज्या माणसाचा जन्म लोखंड तापवण्यात गेला त्याच्या नजरेत माप असतं. माझ्या मिस्त्रींनी ओळंबा न लावता सांगितलं होतं, की उजवं चाक आत झुकलंय. मी ओळंबा लावला. झुकलेलं होतं, 3 मिलिमीटर. त्यांची नजर आणि आपण यांची गल्लत लोक करतात, आणि आपण ती होऊ देता. त्यांचा सदरा घालून आपण माझ्या घरी आलात, ही माझी तक्रार आहे.

गाडी रस्त्यावर आणायचं मनात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 126 वा नियम नव्या नमुन्याच्या गाडीची चाचणी मागतो, आणि पुण्याची एआरएआय काय किंवा नगरची व्हीआरडीई काय, तिथले लोक आपल्याला ओळखत नाहीत. गुऱ्हाळाची वाट मला पुरते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. 1932 च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये मॉरिस ऑली या ब्रिटिश इंजिनिअरनं एक मोठी गाडी घेतली आणि तिच्यावरची वजनं पुढं-मागं सरकवता येतील अशी सोय केली. बसल्यावर बरं वाटतं का, हे सांगणारं यंत्र तेव्हा नव्हतं. म्हणून माणसं बसवली, गाडी चालवली आणि विचारलं. त्यातून कळलं, की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो. मागची बाजू जरा लवकर हलली तर तिला पुढच्या बाजूला गाठता येतं आणि गाडी डुलायची थांबते. म्हणजे शेवटी निकाल कुणाच्या तरी पाठीनंच दिला. पण ऑलीनं पाठ बसवण्याआधी प्रत्येक वजन मोजून ठेवलं होतं.

कळावे, लोभ आहेच, थोडा आवरावा.

आपला,
दोन आठशेंचा एक मालक

ता. क. : स्प्रिंगा बदलल्या, टाय रॉड जागेवर आला. आता राहिले शॉक अब्सॉर्बर. त्यांचं डॅम्पिंग मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही आणि उद्यमनगरात विचारलं तर लोक चहा मागवतात. म्हणून रविवारी आपल्यालाच बोलावतो आहे. गाडीत बसा, मी गुऱ्हाळापर्यंत नेईन, आणि बरं वाटलं की नाही तेवढं सांगा. मी वहीत लिहून घेईन. ग्राइंडर आणि वेल्डिंगची केबल मात्र मी कुलपात ठेवली आहे.