शिखराची दर्शनबारी

रांजणगावात चढण्यासारखं काही नाही. गाव पठारावर, चहूकडे सपाट. उंच म्हणावं तर महागणपतीचं प्रवेशद्वार आणि एमआयडीसीतल्या पाण्याच्या टाक्या. तरीही पावसाळ्यात शनिवारी रात्री महामार्गाच्या कडेला मिनीबस लागते आणि करकरीत नव्या बुटांतली तरुण मंडळी कळसूबाईला निघतात. कारण विचारावं तर एकच : गर्दीचा वीट आलाय, जरा निवांत जाऊ.

हा निवांतपणा शिक्रापूरलाच सुरू होतो. चाकणच्या रस्त्यावर ट्रेलरमागे बराच वेळ एकाच जागी बसायला मिळतं. आळेफाटा, राजूर करत पहाटे बारी गाव गाठावं, तर आपल्यासारखीच गर्दीला कंटाळलेली निम्मी मुंबई आणि अख्खं पुणं तिथे आधीच गाड्या लावून मोकळं झालेलं.

कळसूबाई १६४६ मीटर उंच. राज्यात तिच्यावर कुणी नाही, रविवारी मात्र तिच्यावर सगळेच असतात. खरी परीक्षा लोखंडी शिड्यांपाशी. वर चढणारे आणि खाली उतरणारे समोरासमोर ठाकलेले, पुढच्याच्या बुटातला चिखल मागच्याच्या टोपीवर, कुणाच्या तरी सॅकमध्ये स्पीकर ठणाणा करतोय, आणि वरून हाक येते, ‘‘दोन मिनिटं थांबा हो, रील चाललंय!’’ शहरी पाहुणे इथे हातघाईवर येतात. रांजणगावकर येत नाही. अंगारकीच्या बारीत त्याची तालीम झालेली असते : नजर पुढच्याच्या पाठीवर, वजन एका पायावर, मध्ये घुसणाऱ्यासाठी कोपर तयार. शिखरावर देवीचं चिमुकलं देऊळ आणि सभोवती ढग. दिसत काहीच नाही, माणसं सोडून.

त्र्यंबकजवळच्या हरिहरची गत याहून बिकट. कड्यात कोरलेला तो जवळजवळ उभा जिना, पाय टाकायला पायरी आणि बोटं रोवायला खोबणी. १८१८ मध्ये किल्ला घेणारा कॅप्टन ब्रिग्ज या पायऱ्या पाहून थक्क झाला आणि त्यांना हात न लावता निघून गेला, असं सांगतात. आता रविवारी गेलं तर हात लावायला खोबणी रिकामी सापडत नाही.

यावर प्रशासनाचा तोडगा ठरलेला : जमावबंदी. धबधबे, धरणं, गड, सगळ्यांवर दर पावसाळ्यात आदेश निघतो. पूर्वी कलम १४४ होतं, २०२४ पासून नव्या संहितेत १६३ झालं. कलम बदललं, जमाव तोच राहिला.

तसं हे दुखणं फक्त आपलं नाही. मे २०१९ मध्ये निर्मल पुर्जाने काढलेला एव्हरेस्टच्या माथ्याखालच्या रांगेचा फोटो जगभर गाजला. तिथे रांग हलली नाही तर सिलिंडरमधला प्राणवायू संपतो, त्यामुळे त्या रांगेची थट्टा नको. नेपाळने २०२५ मध्ये परवान्याचं शुल्क ११ हजारांवरून १५ हजार डॉलर केलं, पण डॉलर मोजणारे रांगेला भीत नाहीत. गर्दीवर अक्सीर इलाज काढला तो पुण्याच्याच एका पोलीस दांपत्याने. २०१६ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट सर केल्याचं जाहीर केलं. फोटो दुसऱ्याच गिर्यारोहकाचे, त्यात फेरफार केलेले निघाले. नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली, पुढे नोकरीही गेली. पण रांगेत ताटकळावं लागलं नाही, हे मान्य करायला हवं.

इतकी हिकमत नसलेल्यांसाठी साधा उपाय आहे : जुन्नरकडे वळावं. शिवनेरीला यात्रा असते, पण चावंड आणि हडसर रांजणगावला कळसूबाईपेक्षा कितीतरी जवळ, पायऱ्या कातळात कोरलेल्या, टाकी पाण्याने भरलेली. अडचण एवढीच की ‘हडसरला जाऊन आलो’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘‘हडपसरला? कशाला?’’

म्हणून आयोजकांनी मधला मार्ग काढलाय : गर्दी टाळून कळसूबाई, अर्थात रात्रीचा ट्रेक. मध्यरात्री पायथा सोडायचा आणि सूर्योदयाला माथ्यावर. सगळ्याच आयोजकांना ही युक्ती एकाच हंगामात सुचली. वाटेवरच्या टपरीवाल्याला मात्र ती आधीच कळली असावी. रात्री दोन वाजता त्याचं आधण उकळत असतं, भज्यांचा पहिला घाणा निघालेला असतो, आणि बॅटऱ्या लावून आलेल्या एकांतप्रेमींना तो मोठ्याने बजावतो, ‘‘ओळीनं या, सगळ्यांना मिळंल!’’