आजीची मालवाहतूक

बेळगावात काय काय बघावं, याच्या याद्या ठरलेल्या आहेत. किल्ला, किल्ल्यातली कमल बस्ती, कपिलेश्वराचं देऊळ, येळ्ळूरचा राजहंसगड, जमल्यास गोकाकचा धबधबा आणि परतताना कुंदा. यांतल्या एकाही यादीत खासबाग नाही. कारण उघड आहे. खासबागेत बघण्यासारखं जे आहे ते आमच्या आजीच्या परसात आहे, आणि तिथं नुसतं बघत उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात लगेच खुरपं, सुईदोरा नाहीतर मिरच्यांची पाटी येते. पर्यटन खात्याला असलं स्थळ परवडणार नाही.

जायचा रस्ता मात्र सोपा. पुण्याहून सातारा, कराड, कोल्हापूर, कागल. दूधगंगा ओलांडून कोगनोळी आली की रस्त्यावरच्या पाट्या कानडी होतात; शेजारच्या सीटवरचे काका मात्र ज्या मराठीत घोरत होते त्याच मराठीत पुढं घोरत राहतात. मग निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, काकती आणि बेळगाव. सगळे मिळून साधारण ३४० किलोमीटर. मी हे अंतर 'चार दिवस विश्रांती घ्यावी' या विचारानं तोडतो. माझी यायची तारीख निवडण्यात आजीचा हात असतो, हे मला पोचल्यावर कळतं. मिरग लागतो ७ जूनच्या सुमारास. त्याआधीच्या आठवड्यात आजीला माणूसबळ कमी पडतं.

आजीनं स्वतः प्रवास फारसा केलेला नाही. शहापूर माहेर, खासबाग सासर. दोन्हींच्या मधे चालत जाताना तोंडातलं पान संपत नाही. पण तिचा जन्म झाला तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि आजी मुंबई प्रांतात आली. १ नोव्हेंबर १९५६ला ती म्हैसूर राज्यात दाखल झाली. १९७३ साली कर्नाटकात पोचली. २०१४च्या नोव्हेंबरात बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा ती शेवंतीला माती घालत होती. पासपोर्ट असलेल्या आम्हा नातवंडांपैकी एकानंही इतके मुलूख पालटलेले नाहीत. तिला हे सांगितलं तर ती म्हणते, "मी कुठं गेलो रे? तीच सगळी आली न् गेली."

मामाच्या घरात खाली यंत्रमाग आणि वर माणसं राहतात. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. सकाळपासून खटाक-खट, खटाक-खट सुरू. बाहेरच्या माणसाला पहिल्या रात्री झोप येत नाही. इथल्या पोरांचं उलटं. करंट जाऊन माग थांबले की पाळण्यातलं पोर दचकून उठतं. आजीचं घड्याळही मागावरच चालतं. चुकून माग बंद पडले तर ती स्वयंपाकघरातून ओरडते, "वाजले किती?"

आठवड्याची सुरुवात रविवारी, खासबागच्या बाजारात. पुढं आजी, मागं मी आणि माझ्या दोन्ही हातांत पिशव्या अशी मिरवणूक निघते. भाव कानडीत चालतो. 'एष्टु?' हे ती अशा आवाजात विचारते की विकणारा आकडा उच्चारायच्या आधीच तो थोडा उतरवतो. त्यावर 'हेच्चायतु', म्हणजे जास्त झालं, असा शेरा पडतो. मग ती माझ्याकडं वळून मराठीत म्हणते, "चल रे, पुढं स्वस्त हाय." विकणाऱ्याला मराठी उत्तम येतं आणि ते वाक्य त्याच्यासाठीच असतं. चार पावलांवर मागून हाक येते, "घेऊन जावा की आज्जी!" मी मधल्यामधे 'असू दे, देतो की त्यांना' असं एकदा म्हणालो होतो. दोघांनीही माझ्याकडं सारख्याच तिरस्कारानं पाहिलं. सरळ पैसे देऊन टाकणारा माणूस बाजाराचा अपमान करतो, यावर दोघांचं एकमत होतं.

सोमवारी चटणी. या भागात चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी. दोन्हींचं प्रमाण आजीच्या डोक्यात आहे आणि मामी या घरात येऊन केस पांढरे झाले तरी ते तिला सांगितलेलं नाही. "सांगितलं तर मग मला कोण विचारतंय?" हा आजीचा रोकडा सवाल. देठं खुडायचं काम पाहुण्याचं. खुडून झाल्यावर डोळ्याला हात लावायचा नसतो, ही सूचनाही पाहुण्याला आजी नेमकी उशिरा देते. मग मिरची, धणे, खोबरं, लसूण असं सगळं डंकावर. तिथं रांगेतल्या बायका शिंकता शिंकता एकमेकींच्या सुनांची चौकशी करतात. सुनेचं नाव निघालं की शिंक हमखास मोठी येते. डंकवाला मात्र शांत. त्याला शिंक येईनाशी झाली की तो पोटापुरता तयार झाला, असं म्हणतात.

मंगळवारी गच्ची. सांडगे, पापड आणि कुरडया यांचं तिथं वाळवण पडतं, आणि बेळगावचा मे महिना म्हणजे सकाळी कडक ऊन न् दुपारनंतर वळीव. आभाळ कधी भरेल हे आजी गुडघ्यावरून सांगते. मी मोबाइलमधलं हवामान दाखवलं: पावसाची शक्यता नगण्य. आजीनं गुडघा चोळला आणि म्हणाली, "पाऊस येऊलालाय. ऊठ." मी उठेपर्यंत पलीकडच्या गच्चीवरून 'मळे बंतु!' अशी आरोळी आली आणि अख्खी गल्ली आपापल्या जिन्यांवर धावली. चादरीची चार टोकं धरायला चार माणसं लागतात. हाताशी आम्ही तिघंच होतो म्हणून चौथं टोक शेजारच्या कानडी काकूंनी भिंतीपलीकडून धरलं. मग त्यांचं एक टोक मी. या गडबडीत दोन्हींकडचे सांडगे एकत्र झाले. दुसऱ्या दिवशी दोघी निवडायला बसल्या. आमचे सांडगे कुठले आणि त्यांचे कुठले, हे त्या वासावरून ओळखत होत्या. त्यात जे ओळखू आले नाहीत ते तळून मला खायला घातले.

आमच्या मामेबहिणीच्या लेकीचा या सगळ्यावर राग असतो. कर्नाटकातल्या शाळा जून लागायच्या सुमारास उघडतात आणि महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. म्हणजे सगळी गंमत चालू असताना तिला नव्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला बसवतात आणि पुण्याहून आलेली भावंडं परसात लोळत असतात. "आमच्याच सरकारला काय घाई झालीय?" असं तिनं विचारलं. सीमाभागातली इतकी रोखठोक तक्रार मी आजवर कुठल्या भाषणात ऐकलेली नाही.

बाग म्हणजे परस. रंगाचे डबे, गळकी बादली, तळ गेलेलं घमेलं, मागावरचा मोडका खोका. जे घरात निवृत्त होतं ते परसात कुंडी म्हणून रुजू होतं. बियाणं लग्नपत्रिकांच्या पाकिटांत. कुठल्या पाकिटात काय, हे वर लिहिलेलं नसतं. त्यामुळं "संगीताच्या लग्नातला दोडका काढ," "शेवटच्या मुंजीतला भोपळा दे" अशी भाषा चालते. मी एकदा घटस्फोट झालेल्या जोडप्याच्या पाकिटातून कारली काढली. "ती मात्र लई धरतात," आजी म्हणाली आणि गंभीरपणे आळं करू लागली.

फांद्यांचं शास्त्र वेगळं. मागून आणलेली फांदी जगत नाही आणि चोरून आणलेली जगते, यावर तिची अढळ श्रद्धा. त्यासाठी बुधवारी संध्याकाळी 'फिरायला' टिळकवाडी. खासबागेतून शहापूर, गोवावेस करत आम्ही गेलो. तिथं जुने बंगले आणि कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद आहे. आजी एका फाटकासमोर थांबली, "दम लागला" म्हणाली, आणि आधारासाठी हात टेकला तो नेमका फांदीवर. तेवढ्यात बंगल्यातले आजोबा बाहेर आले. आता काय होणार म्हणून मी तोंड फिरवलं. आजोबांनीही फिरवलं. थोडं थांबून ते आभाळाकडं बघत म्हणाले, "ती पिवळी पलीकडच्या बाजूला आहे." परतताना आजी समाधानी होती, पण पिवळीबद्दल तिला शंका होती. सांगून दिली म्हणजे जगते की नाही, हे तिला ठरवता येईना.

वाकळ शिवायचं काम दुपारचं. खाली जुनी नऊवारी, मधे फाटकी धोतरं, वर मामाच्या मागावरचं डागी लुगडं. मोतीबिंदू काढल्यापासून आजीला दूरचं लख्ख दिसतं. परसाच्या टोकाला मामीनं घातलेला वाकडा टाका तिला ओसरीवरून दिसतो; सुईचं भोक मात्र दिसत नाही. म्हणून सकाळीच डझनभर सुया ओवून कापडात टोचून ठेवणं हे माझं खातं. वाकळेत एका कोपऱ्यात ती मुद्दाम वेगळा तुकडा लावते: कुणाच्या अंगरख्याचा, कुणाच्या शाळेच्या सदऱ्याचा. पाठवताना निरोप असतो, "हा तुझा सदरा, हौदात पडला होतास तवाचा." त्यामुळं आमच्या घराण्यात वाकळ पांघरून कुणालाही फार रुबाबात झोपता येत नाही.

गुरुवारी निपाणीची वारी. आजीची धाकटी बहीण तिथं. पूर्वी आजी तिकडं वर्षाकाठी जायची. पण ११ जून २०२३ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, राज्यातल्या बायकांना साध्या बसमधून फुकट प्रवास मिळाला आणि आमच्या घराण्याच्या अर्थव्यवस्थेला वेग आला. आजी आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट घेते आणि ते चंचीत जपून ठेवते. शेजारी मी पूर्ण पैसे मोजत असतो. "पुरुषांचं चालत न्हाई," ती अख्ख्या बसला ऐकू जाईल असं सांगते आणि पुढच्या बाकावरच्या तिघीजणी मागं वळून मला बघून घेतात.

निपाणी तंबाखूचं गाव. उतरल्या उतरल्या मला शिंका सुरू झाल्या, त्या सोमवारच्या शिंकांना येऊन मिळाल्या. आजीच्या बहिणीचा नातू देवचंद कॉलेजात जातो. ते कॉलेज निपाणीचं म्हणून ओळखलं जातं, पण ते आहे अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. पोरगा रोज सकाळी परराज्यात जातो आणि दुपारी घरी जेवायला स्वराज्यात येतो. दोघी बहिणींचा विषय मात्र तिकिटाचा होता. महाराष्ट्रात एसटीत बायकांना १७ मार्च २०२३पासून अर्धं तिकीट. इकडं फुकट. सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४पासून आहे. या दोघींनी चहा निवायच्या आत निकाल दिला: भाषा तिकडची, बस इकडची.

पण निपाणीला जाण्याचं खरं कारण बरण्या. आजीकडून कुठलीही वस्तू बरणीत जाते आणि बरणी रिकामी परत येत नसते. निपाणीची बरणी लोणचं घेऊन गेली आणि तिळाची चटणी घेऊन आली. बेंगळूरच्या मावशीकडं चटणी गेली आणि फिल्टर कॉफीची पूड आली. पुण्याला माझ्या आईकडं सांडगे गेले आणि बाकरवडी आली. कुणाकडं कुठली बरणी किती दिवसांपासून आहे, हे आजी झोपेत सांगेल. हा व्यवहार कधी बरोबरीत सुटत नाही. कोण ना कोण कायम देणं लागतं. मी विचारलं, एकदाच सगळ्यांचं चुकतं करून का टाकत नाहीस? ती म्हणाली, "बरणी तुझ्याकडं हाय तवर तू येणार की. न्हाईतर कशाला येतोस?"

शनिवारी माझी पाठवणी. यादी अशी: चटणी, लोणचं, सांडगे, एक वाकळ, मागावरच्या उरल्या सुताची दोन पायपुसणी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली जास्वंदीची फांदी. फांदी टिळकवाडीचीच, फक्त आता आजीकडून चोरलेली हवी म्हणून तिनं ती तोडली आणि परसात ठेवून स्वतः आत निघून गेली. स्टँडवर कंडक्टरनं सामानाकडं बघून विचारलं, "कुणाचं लग्न?" खासबागेतून आलोय म्हटल्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही. त्याच्या पायाशीही एक बरणी होती.

तेव्हा, कुणाला बेळगाव बघायचं असेल तर किल्ला जरूर बघा, धबधबाही बघा. पण कुणाच्या आजीकडं उतरणार असाल तर मिरगाच्या आधीच्या आठवड्यात जाऊ नका. गेलात तर जुनी चप्पल आणि दोन मोठ्या पिशव्या न्या. आणि घरातल्या फडताळात एखादी दुसऱ्याची बरणी पडून असेल, तर ती धुऊन, भरून वेळेवर परत करा. तिकडं तिची नोंद आहे.