सुपर एरिया, बारा बाइट

मानेसरला नोकरी लागली तेव्हा मामांनी विचारलं, "तिथं आहे काय?" मी सांगितलं, एनएसजीचा तळ आहे, मेंदू संशोधन केंद्र आहे, वाहनांच्या चाचण्या घेणारी आयकॅट आहे, 2007 पासूनचा मारुतीचा कारखाना आहे. मामा म्हणाले, "ते झालं. जेवायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

तूर्तास तक्रार जागेची आहे. भाड्याचं घर करारात साडेआठशे चौरस फूट आहे. टेप लावली तर सहाशेही भरेना. घरमालकांना विचारलं. ते हुक्का बाजूला ठेवून म्हणाले, "बेटा, सुपर एरिया है. सीढ़ी भी तो तेरी है." जिना माझा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. तेव्हापासून मी तो जरा सावकाश चढतो.

कामाच्या ठिकाणी तरी मोजणी सरळ असेल असं वाटलं होतं. मी गाडीतल्या दारादिव्यांचे प्रोग्रॅम सी भाषेत लिहितो. पहिल्याच आठवड्यात एक स्ट्रक्ट बांधला. स्ट्रक्ट म्हणजे मिसळणाचा डबा. वेगवेगळ्या वाट्या, झाकण एक. माझ्या डब्यात तीन वाट्या होत्या: दार उघडं की बंद, 1 बाइट, गाडीचा वेग, 4 बाइट, दिवा चालू की बंद, 1 बाइट. एकूण सहा. तिसरीतल्या मुलालाही सहाच मिळाले असते. आकार मोजून सांगणाऱ्या 'साइझऑफ'ला विचारलं, तो म्हणाला बारा.

गाडीतल्या साध्या कॅन जाळ्यावर एका खेपेत जास्तीत जास्त 8 बाइट जातात. माझा सहा बाइटांचा ऐवज बारा बाइटांच्या पालखीत बसला होता आणि पालखी दारातून जाईना.

कारण असं की, आमच्या प्रोसेसरला चार बाइटांचा आकडा चारानं भाग जाणाऱ्या पत्त्यावरच हवा असतो. म्हणून आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर दारानंतर तीन जागा मोकळ्या सोडतो. दिव्यानंतर आणखी तीन. असे डबे ओळीनं मांडले तर पुढच्यातला वेगही नेमक्या जागी यावा म्हणून. पंगतीत व्याह्यांसाठी पानं धरून ठेवतात, तशा. व्याही येत नाहीत. पानं उठत नाहीत. याला पॅडिंग म्हणतात, मी सुपर एरिया म्हणतो.

शेजारच्या टेबलावर नांदेडचा एक सीनियर बसतो. मानही न वळवता तो म्हणाला, "वेग वर घे की रे." वेगाची ओळ सगळ्यांत वर नेली. बाराचे आठ झाले. एक अक्षर बदललं नव्हतं, फक्त क्रम. "आणि पुन्हा अख्खा स्ट्रक्ट उचलून तारेवर टाकू नकोस. बाइट हातानं भर." हेही त्यानं मान न वळवताच सांगितलं.

हे कंपायलरला स्वतः सुचू नये? सुचलं तरी करता येत नाही; आपण लिहिला तोच क्रम पाळायचा, हा सीचा नियम. रस्ट भाषेचा कंपायलर वाट्या स्वतः हलवू शकतो, आणि सीसारखा क्रम हवा असेल तर तसं त्याला लेखी कळवावं लागतं.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. स्ट्रक्टच्या महिरपी कंसानंतर अर्धविराम विसरला, तर बोंब पुढच्या निरपराध फाइलमध्ये होते. एका स्ट्रक्टची नक्कल दुसऱ्यात बरोबरचं एक चिन्ह टाकून करता येते. पण दोन्ही सारखे आहेत का, हे दोन चिन्हं टाकून विचारता येत नाही. तारखेच्या ठरावीक स्ट्रक्टमध्ये वर्ष 1900 पासून मोजतात, महिना शून्यापासून आणि दिवस एकापासून. म्हणजे 1 जानेवारी 2025 ही तारीख वर्ष 125, महिना 0, दिवस 1 अशी लिहायची. पगार मात्र पहिल्या महिन्याचा मागायचा.

हे सगळं सोसायचं, कारण स्ट्रक्टशिवाय चालत नाही. 1972 साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीचा गाभा सीमध्ये लिहायला घेतला आणि सोडून दिला. तेव्हा सीमध्ये स्ट्रक्ट नव्हते. डेनिस रिची यांनी ते आणले आणि 1973 च्या उन्हाळ्यात काम तडीस गेलं. एवढ्या मोठ्या माणसाचं ज्याच्यावाचून अडलं, त्याच्या सहा रिकाम्या बाइटांवरून मी भांडू नये, हे मला कळतं.

वेगाची ओळ वर नेली त्याच सायंकाळी घरी येऊन कपाट भिंतीला लावलं, पलंग आडवा फिरवला. एक खुर्ची मावेल एवढी जागा निघाली. घरमालक बघायला आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "देखा, घर बड़ा है."

तेव्हा वाचकहो, दोनच गोष्टी: मोठी वस्तू आधी मांडा, आणि सही करण्याआधी टेप लावा. कंपायलर कितीही जागा वाया घालवो, विचारलं की खरा आकडा सांगतो. करारनाम्याला अजून साइझऑफ नाही.