जिंकतो घोडा, मिरवतो स्वार

निवडणूक असो, टेंडर असो की सोसायटीच्या सेक्रेटरीची खुर्ची, जिंकायची भाषा सुरू झाली की भला भला मराठी माणूस इंग्रजीत शिरतो. ‘हँड्स डाउन जिंकणार आपण!’ हात खाली ठेवून कसं काय जिंकतात बुवा, असं कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हा शब्दप्रयोग घोड्यांच्या शर्यतीतला, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचा. घोडा इतका पुढे निघून गेलेला असतो की जॉकीला त्याला पिटाळायची गरजच उरत नाही. तो लगाम सैल सोडतो, हात खाली घेतो आणि ऐटीत शर्यत संपवतो. म्हणजे विजय कसला? वर बसलेल्याला काहीच करावं लागलं नाही, असला.

मग धावलं कोण? घोडा.

पण वाक्प्रचारात घोड्याच्या पायांचा पत्ता नाही. आहेत ते बसलेल्याचे हात. इंग्रजीतले जिंकण्याचे वाक्प्रचार एकेक करून उलटून पाहा, खाली हाच माल निघतो. घाम एकाचा, मिरवणूक दुसऱ्याची.

हरणाऱ्यांचं काय? इंग्रजी वर्तमानपत्रं शर्यतीच्या निकालात पहिल्या काही घोड्यांचे क्रमांक द्यायची आणि उरलेल्यांना ‘ऑल्सो रॅन’ या एका ओळीत कोंबायची. हेही धावले! पुढे हाच शिक्का पडलेल्या उमेदवारांवर बसला. घोड्यांचं डिपॉझिट तरी जप्त होत नव्हतं.

‘डार्क हॉर्स’ची गोष्ट आणखी मजेची. कुणाच्या खिजगणतीत नसलेला असा घोडा डिझरायलीने १८३१ साली ‘द यंग ड्यूक’ या कादंबरीत पळवला. पुढे १८४४ मध्ये अमेरिकेत जेम्स पोक हे असेच कुठून तरी उगवले. बाल्टिमोरच्या अधिवेशनात मतदानाच्या नवव्या फेरीत उमेदवारी मिळाली आणि गडी थेट राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्या वाहिन्यांवर मुख्यमंत्रिपदाचे डार्क हॉर्स निकालाच्या आधीच फोटोसकट रांगेत उभे असतात.

फोटो झळकतोय तो डार्क कसा?

घोड्याचं बरं म्हणायचं, अशी वेळ कुत्र्या-कोंबड्यांवर आली. ‘टॉप डॉग’ आणि ‘अंडरडॉग’ आले कुत्र्यांच्या झुंजीतून. एकाला दुसऱ्याविरुद्ध ‘पिट’ करणं आलं कोंबडे झुंजवायच्या खड्ड्यातून. ब्रिटिश पार्लमेंटने १८३५ मध्ये कायदा करून असल्या झुंजींवर बंदी घातली. कुत्री सुटली, कोंबडे सुटले. सेल्स डिपार्टमेंटला मात्र कायदा लागू झाला नाही.

आणि ‘डॉग ईट डॉग’? गळेकापू स्पर्धेसाठी सर्रास वापरतात. जुनी लॅटिन म्हण याच्या बरोबर उलट आहे: कुत्रा कुत्र्याचं मांस खात नाही. माणसाने म्हण फिरवली आणि बदनामी कुत्र्याच्या गळ्यात बांधली.

बॉक्सिंगमध्ये निदान माणूस स्वतः ठोसे खातो, एवढं तरी मान्य करायला हवं. पण श्रेयाचं तिथेही तेच. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद हे आधुनिक नियम १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. लिहिले जॉन चेंबर्सने. पाठीवर हात ठेवला मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी या उमरावाने. आज सभ्य लढतीला इंग्रजीत काय म्हणतात? ‘क्वीन्सबेरी रूल्स’.

चेंबर्स? ऑल्सो रॅन.

त्याच रिंगणातला ‘थ्रो इन द टॉवेल’ बघा. हार मानली की टॉवेल फेकायचा. पण फेकतो कोण? नाक फुटलेला नव्हे, त्याच्या कोपऱ्यात कोरड्या कपड्यांत उभा असलेला. शरण जायचा निर्णयसुद्धा मार न खाणाऱ्याकडे!

दुसऱ्याचा मान पळवणं म्हणजे ‘त्याची गर्जना चोरणं’. हे लंडनच्या नाटकवाल्यांचं देणं. जॉन डेनिस या नाटककाराने १७०९ मध्ये ड्रुरी लेनच्या थिएटरात आपल्या नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाची नवी युक्ती काढली. नाटक आपटलं. थोड्याच दिवसांत तिथेच ‘मॅकबेथ’ लागलं आणि डेनिसला आपलाच गडगडाट ऐकू आला. माझं नाटक चालवत नाहीत, माझी गर्जना मात्र चोरतात, असं तो भर थिएटरात ओरडला म्हणतात. नाटक विस्मरणात गेलं, गडगडाटही गेला. बिचाऱ्याची कटकट तेवढी भाषेत अमर झाली.

प्रेरणादायी व्याख्यानांचं लाडकं वाक्य घ्या. जिंकणं हे सर्वस्व नाही, जिंकण्यापलीकडे काही नाहीच! ते खपतं अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांच्या नावावर. त्यांच्या आधी ते रेड सँडर्स या दुसऱ्या प्रशिक्षकाच्या तोंडी होतं.

जिंकण्याची शिकवण, तीही ढापलेली.

स्टीफन पॉटर या इंग्रज विनोदी लेखकाने १९४७ मध्ये ‘गेम्समनशिप’ नावाचं पुस्तक लिहिलं. विषय काय? उघड लबाडी न करता सामने कसे जिंकावेत. पाच वर्षांनी त्याने ‘वन-अपमनशिप’ काढलं, म्हणजे कुरघोडीचं शास्त्रच. बिचाऱ्याने थट्टा केली होती. लोकांनी अभ्यासक्रम समजून घेतला.

हा सगळा शब्दांचा खेळ, त्याने कुणाचं काय बिघडतं, असं वाटत असेल तर ‘स्लॅम डंक’ आठवा. बास्केटबॉलमध्ये उंच उडी घेऊन चेंडू वरूनच कड्यात कोंबायचा, नेम चुकायचा प्रश्नच नाही. डिसेंबर २००२ मध्ये सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासमोर इराकच्या महासंहारक शस्त्रांबाबत हाच शब्द वापरला. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं. शस्त्रांचे ते साठे काही सापडले नाहीत. लढायला गेले सैनिक. टेनेट यांना २००४ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

हात खालीच होते. पदक गळ्यात पडलं.

आता लगेच कॉलर ताठ करू नका. चीतपट, धोबीपछाड हे आपल्या आखाड्यातले शब्द. तिथे माती लागते ती स्वतःच्याच पाठीला, हे खरं. पण दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारेही आपणच. फरक एवढाच, की आपण ते टोमणा म्हणून बोलतो. साहेबलोक तीच गोष्ट शेखी म्हणून मिरवतात.

तेव्हा यापुढे कुणी दणदणीत विजयाची गोष्ट सांगू लागला की टाळ्या जरूर वाजवा. फक्त एक विचारा: धावलं कोण? ‘अख्खी टीम’ असं उत्तर आलं तर समजा, घोडा तुम्हीच होतात. खात्री हवी असेल तर पगारवाढीच्या पत्राची वाट बघा.

घोडामैदान जवळच आहे.